तिसरा भाग

अंध मुलांच्या त्या शाळेत सगळे त्याला सर्व्हरमामा म्हणत. जिन्याखालच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून प्रिंट सर्व्हर त्यानेच उभा केला होता. वर्गावर्गांतून आलेली कामं तिथे रांगेला लागत आणि ब्रेल प्रिंटर खडखडाट करत जाड कागदावर ठिपके उठवी.

कागद अडकला की रांग थांबे. मग मामाला फोन. ऐन सुट्टीतही फोन. एकदा बहिणीकडे जाताना त्याने वैतागून सेटिंगच बदललं: काम अडकलं तर ते टाकून द्यायचं, पुढचं घ्यायचं. आल्यावर पूर्ववत करू, असं मनाशी म्हणाला खरा, पण फोन बंद झाल्याचं सुख असं अंगवळणी पडलं, की राहूनच गेलं.

पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आली. शाळेतून एकच मुलगी बसणार होती, भरभर चालते म्हणून जिला सगळे तुरतुरी म्हणत. गणिताच्या बाई स्वतःही अंध. त्यांनी तीन भागांत प्रश्नपत्रिका ब्रेल प्रिंटरला पाठवली. तिसऱ्या भागाला कागद अडकला. शिपायाने तो ओढून काढला, मशीन पुन्हा खडखडू लागलं, आणि निघालं ते दुसऱ्याच वर्गाचं काम.

तुरतुरीच्या हाती दोनच भाग पडले, आणि ती नापास झाली. निकालानंतर मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंना बोलावलं. मामा तिथेच टेबलाखाली वायर बसवत होता.

"पानं एकदा हाताखालून घालायला नकोत?"

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "मशीनवर विसंबले."

काय झालं असेल ते मामाला तत्क्षणी कळलं, आणि तरी तो गुपचूप पक्कड उचलून निघून गेला. घरी घास उतरेना. "बरं नाही का?" बायकोने विचारलं. "सर्व्हर बिघडलाय," तो म्हणाला, आणि या खोटेपणाने आणखीच ओशाळला.

सकाळी तो शिक्षकांच्या खोलीत गेला. "बाई, चूक तुमची नाही. माझी आहे." आणि त्याने सगळं सांगितलं. काल आपण टेबलाखालीच होतो, हेही.

"मोठ्या बाईंना मी सांगते," बाई म्हणाल्या. "पोरीला तुम्ही सांगा."

तुरतुरी व्हरांड्यात भेटली. ऐकून ती भिंतीला टेकली.

"म्हणजे प्रश्न होते? मी आईला सांगितलं, माझ्याच हातून पानं सुटली. ती म्हणाली, नेहमीचीच घाई तुझी."

"मी येतो आईला सांगायला."

"आजच या," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि मामाला तो हवाच होता.

शाळेने लिखापढी केली, पण त्या वर्षीची निवड होऊन गेली होती. तुरतुरी पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि पास झाली. पेढा द्यायला ती जिन्याखाली आली, तेव्हा मामाने तो घेतला. पण तिच्यासमोर काही त्याला खाववला नाही.