नोएडात सारवलेली खोली

"गोबर! मेरे मकान में गोबर!" घरमालक दारातच ओरडत होता. आवाज असा, की तिकडे दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात टांगलेले शर्ट हलले असणार. "शाम तक सामान बाहर! कल से यहाँ कूलरवाले का गोदाम!"

आम्ही पाच जण, महाराष्ट्रातून मोठ्या परीक्षांच्या तयारीला दिल्लीकडे आलेलो, भिंतीला चिकटून उभे. हात कोपरापर्यंत शेणात.

इमारत त्याचीच. त्याच्या शेतावर नोएडाचे सेक्टर आले, तेव्हा हातात पैसा खुळखुळला आणि त्याने ती अर्धी बांधली. मग जीव जडला शेजारच्या बंद काचांच्या कोठीवर, म्हणजे बंगल्यावर; तो तिकडे राहायला गेला, आणि ही राहिली कबुतरांना. कबुतरं इतकी माजलेली, की आम्ही आत शिरलो तेव्हा त्यांनीच आम्हाला 'काय काम आहे' अशा नजरेनं पाहिलं. बोली साधी होती: राहण्याजोगी करा, फुकट राहा. आमचीही आपसात एकच अट: चूल एक, कुणी साहेब नाही, आणि जो इथे झोपेल त्याची झाडूची पाळी.

खालच्या खोलीला फरशीच नव्हती, नुसता भराव. पंचवार्षिक योजना आम्हाला तोंडपाठ. सिमेंट कसं कालवतात ते एकालाही ठाऊक नाही. सारवता मात्र प्रत्येकाला येत होतं! साताऱ्याच्या मित्रानं जवळच्या गोठ्यातून शेण आणलं, आणि आम्ही खोली अशी सारवली की तिच्यात बघून भांग पाडावा.

"आता जायचं कुठे, यार?" साताऱ्याचा पुटपुटला. "जुनी खोली तर सोडली आपण."

तेवढ्यात घरमालकाच्या मागून त्याची म्हातारी आई आत आली. कोठीतली वीज गेली होती, आणि वीज गेली की त्या काचांमागे पापड भाजून निघत. म्हातारीनं चपला काढल्या, वाळल्या कोपऱ्यावर तळवा टेकवला.

"ठंडा है," म्हणाली, पदर उशाला घेतला आणि आडवी झाली. पुढच्या क्षणी ती अशी घोरू लागली, की उरलीसुरली कबुतरंही बिऱ्हाड उचलून गेली.

घरमालकाचा आवाज एकदम देवळातला झाला. आईला झोपेतून उठवायची छाती त्या अख्ख्या गावात कुणाची नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं आपली खाटच मागवून घेतली. कूलरवाला आला, खाट पाहिली, म्हातारीनं त्याला पाहिलं. तो आल्या पावली परत गेला.

झाडूचं तिला सांगणार कोण? आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. शेवटी तिनंच विचारलं, "मेरी बारी कब?"

मंगळवार मोकळा होता.

मंगळवारी सकाळी घरमालक दारात आला. चपला बाहेर काढून, हात जोडून.

"अम्मा, बिजली आ गई. तेरे कमरे में नया कूलर लगवा दिया. अब तो घर चल."

म्हातारीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"पैर हटा. आज झाड़ू मेरी है."