गप्प लाइनची मुदत

निमोण्याच्या शीतकरण केंद्रातलं दूध नासलं, तेव्हा दौंडला दूध संघाच्या ऑफिसात माझ्यासमोरचा स्क्रीन हिरवागार होता. टाकीचं तापमान चार डिग्री. दुपारभर चारच डिग्री. तिकडे वीज गेली होती आणि जनरेटर हटून बसला होता. वीज गेली की गावातला फोनही मरायचा. केंद्र सांभाळणारे मामा शेवटी मोटारसायकल काढून, मोबाइलला रेंज मिळेल तिथं, फाट्यावर आले.

"पोरी, तुझा कॉम्प्युटर काय म्हणतोय?"

"चार डिग्री, मामा."

"मग त्येलाच पाज. हितं समदं दूध आंबलंय."

गावाचं सकाळचं सगळं दूध नाल्यात गेलं. साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, की पुन्हा एकदा असं झालं तर निमोण्याचं केंद्र बंद. मला दुःखापेक्षा संताप जास्त आला. माझ्या स्क्रीनच्या थापेपायी एका गावाचं केंद्र बंद पडणार? मी बसले असताना तरी नाही.

प्रोग्राम पुण्याच्या मंडळींचा. ते शाल-नारळ घेऊन केव्हाच गेले होते. एका यंत्राचे निरोप दुसऱ्या यंत्राला पोचवणारी सी भाषेतली एक लायब्ररी त्यात वापरली होती. मी खुटबावहून रोज पुण्याला जाऊन-येऊन सी शिकले होते, म्हणून पदर खोचून त्यातच शिरले. लायब्ररीत जोडणी उघडताना काही गोष्टी ठरवून द्याव्या लागतात : निरोपाची वाट किती वेळ पाहायची, पलीकडचा जिवंत आहे का हे किती वेळानं विचारायचं, आणि मेला असं कधी धरायचं. कुणी कशालाही हात लावला नव्हता. वाट पाहण्याच्या जागी उणे एक होतं. त्या लायब्ररीत उणे एक म्हणजे कायमची वाट पाहा. पलीकडच्याची खबर घेणं तर बंदच होतं. निमोण्याहून आकडे आणणारी लाइन मेली तरी प्रोग्राम पुढच्या निरोपाची वाट पाहत, शेवटचा आकडा मिरवत बसला होता. अरे, भोळेपणाला काही सीमा!

मी रागाच्या भरात मुदत दहा सेकंदांवर आणली. झालं, उलटंच दुखणं सुरू. निमोण्याची लाइन जरा वारं सुटलं तरी खोकायची, आणि माझा स्क्रीन लाल. दूध नासायच्या आत उचलायला दोनदा टँकर उगाच पळाला. ड्रायव्हर उत्तर प्रदेशाकडचा. परत आल्यावर खिडकीतून म्हणाला, "मैडम, आपका कंप्यूटर बहुत डरपोक है." सगळं ऑफिस हसलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, सोडा हा नाद," ते म्हणाले. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आणि चुकलेलं कोकरू सापडल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. नाद सोडणं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

नेमकी मुदत किती ठेवायची हे पुस्तकात सापडेना, म्हणून मी सरळ निमोण्याला गेले. मामांना म्हटलं, भरल्या टाकीचा कूलर बंद करा.

"आन् दूध नासलं म्हंजी?"

"नासायच्या आत चालू करू."

मामांनी खटका खाली ओढला. थर्मामीटर घेऊन आम्ही टाकीशेजारी बसलो. दूध मला वाटलं होतं त्यापेक्षा सावकाश तापत होतं. जिथं धोका वाटला तिथं मामांनी कूलर पुन्हा सुरू केला. दूध जितका वेळ तग धरतं, त्यातून टँकरचा रस्त्यातला वेळ वजा केला. उरला तेवढाच वेळ गप्प लाइनला द्यायचा. नुसती खोकणारी लाइन त्याच्या कितीतरी आधी ताळ्यावर येत होती. दौंडला येऊन मी तसंच बसवलं : खबर दर मिनिटाला घ्यायची, आणि शांतता त्या मुदतीपलीकडे गेली तरच लाल.

चैत्रातल्या एका दुपारी स्क्रीन लाल झाला.

"लाइन असेल. थांबा जरा," साहेब म्हणाले.

"थांबायचं तेवढं थांबून झालंय, साहेब. टँकर सोडा. उगाच पळाला असं निघालं, तर उद्यापासून मी येत नाही."

साहेबांनी टँकर सोडला. त्यानंतर माझ्या हातात काहीच नव्हतं. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली. स्क्रीन लालच होता, आणि निमोण्याला फोन लागत नव्हता.

बऱ्याच वेळानं मोबाइल वाजला. मामा होते, आवाजात वारं घुसत होतं.

"पोरी, लाइट गेली, जनरेटरशी झटापट करण्यातच येळ गेला. तुला फोन करायला फाट्यावर निघालो व्हतो, तर टँकर समोरूनच आला की गं! आता सांगायला काय उरलंच न्हाई. दूध गार हाय आजून."

मी फोन ठेवला आणि साहेबांसमोरच ढसाढसा रडले.