सातवीच्या वहीतलं ‘गुड’

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी नुकतीच नोकरीला लागले होते. परभणीहून जिंतूर रस्त्याला झरीच्या पुढं एका फाट्यावर उतरायचं आणि वीस मिनिटं चालत गावात जायचं. शाळा सातवीपर्यंतची. पाच मास्तर आणि मी एकटी बाई. माझं इंग्रजी बरं म्हणून पाचवी ते सातवीचं इंग्रजी माझ्याकडं आलं.

वडील परभणीत कचेरीत कारकून होते. रोज संध्याकाळी घरी परतायचं या अटीवरच त्यांनी मला ही नोकरी करू दिली होती. शाळा पाचला सुटायची आणि साडेपाचची एस.टी. चुकली की पुढची आठला. त्यामुळं तीन वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष मनगटावरच्या घड्याळात असायचं. हे मी आता सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून मी ते फार वर्षं वापरलं.

शिकवायची हौस मात्र खरी होती. मी दोन नियम केले. पहिला, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही. बाईंना काही सांगायचं असेल तर ते इंग्रजीत सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. दुसरा, रोज घरून पाच वाक्यं लिहून आणायची, पुस्तकातली नाहीत, स्वतःच्या मनानं. हेडमास्तरांना दोन्ही नियम इतके आवडले की शेजारच्या गावातून आलेल्या मास्तरांपुढं त्यांनी ते दोनदा सांगितले. मीही घरी सांगितले.

सातवीत बेचाळीस पोरं होती. त्यांत मुली नऊ. तिघी बौद्धवाड्यातून यायच्या आणि खोलीत अगदी शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसायच्या. ती ओळ मी लावली नव्हती. मी आले तेव्हा ती तशीच होती, आणि मी ती तशीच राहू दिली.

त्या तिघींतली एक उंच, सावळी. केसांना घट्ट तेल लावून दोन वेण्या घालायची. तोंडी विचारलं की फटाफट सांगायची. शब्दांचे अर्थ, स्पेलिंग, कवितेच्या ओळी, जे एकदा कानावर पडलं ते तिचं झालं. पण फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की सगळा घोटाळा. अक्षरं गाळायची, एकाची दुसरी करायची. मला वाटायचं, हुशारीचा माज आहे, लक्ष देत नाही.

एकदा मी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, घोडा गवत खातो. तिनं ‘हॉर्स’च्या जागी ‘हाउस’ लिहिलं. मी तिची वही वर धरून वर्गाला दाखवली.

“बघा, हिचं घर गवत खायला लागलंय.”

पोरं हसली. मला ती हसली याचं बरं वाटलं, कारण वर्ग इंग्रजीत हसतोय असं मला वाटलं. त्या दिवसापासून पोरं तिला ‘घोडाघर’ म्हणायला लागली. मी ते ऐकलं होतं. थांबवलं नाही. उलट ती पुढं पुन्हा चुकली की मी नुसतं “घोडा कुठाय?” विचारायची आणि वर्ग खिदळायचा. मग तिनं तो शब्द दहादा लिहायचा, तासभर उभं राहून.

पाच वाक्यांच्या वह्यांचा गठ्ठा रोज माझ्या टेबलावर येई. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मी प्रत्येक वाक्य वाचलं. मग कंटाळा यायला लागला. सगळ्यांकडं गाय होती, सगळ्यांचं गाव सुंदर होतं. शेवटच्या तासाला पोरं मैदानात कवायतीला जात, तेव्हा मी ओट्यावर बसून वह्या उरकायची. पान उघडायचं, लाल शाईनं मोठी बरोबरची खूण मारायची, चांगल्या पोरांच्या पानावर खाली ‘गुड’ लिहायचं, मिटायची. बेचाळीस वह्या पंधरा मिनिटांत. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. वहीत, स्वतःच्या डोळ्यांपुढं धरून लिहिलेलं. म्हणून तिला मी नेहमी ‘गुड’ द्यायची.

दिवाळीनंतर तपासणी लागली. तालुक्याहून साहेब येणार म्हणून वर्ग सारवले, तक्ते लावले. साहेब वयस्क, शांत गृहस्थ होते. सातवीच्या वर्गात आले, हेडमास्तर मागं. मी पोरांकडून कविता म्हणून घेतली. साहेबांनी मान हलवली आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक वही काढली. अक्षर बघून ती काढली असावी.

पहिल्या पानावर ते जरा थांबले. मग पुढचं पान, त्याच्या पुढचं. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचलं, “आय हॅव ए गोट. माय गोट इज ब्लॅक. बाई, आय नॉट सी बोर्ड. बोर्ड इज फार. माय मदर इज गुड.”

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. साहेबांनी आणखी एक पान वाचलं. “आय सी ओन्ली व्हाइट. बाई, प्लीज.” खाली माझी लाल खूण आणि ‘गुड’.

“ही मुलगी कोणती?” त्यांनी विचारलं.

ती मागं उभी राहिली.

“हिला फळा दिसत नाही, असं ही लिहितेय. तुम्ही वाचलेलं दिसतंय. मग काय केलंत?”

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. “हो सर. कालपासून तिला पहिल्या ओळीत घेतलंय. आज पाहुणे येणार म्हणून पोरं जुन्या जागेवर बसलीत.”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मराठीतच विचारलं, “बाईंनी तुला पुढं बसवलं का गं?”

बेचाळीस पोरांना खरं माहीत होतं. ती क्षणभर माझ्या दिशेनं बघत राहिली. तिला मी धड दिसत तरी होते की नाही, देव जाणे. मग म्हणाली, “होय सर.”

साहेब खूश झाले. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं की इंग्रजीच्या शिक्षिका विद्यार्थ्यांच्या अडचणी त्यांच्या स्वतःच्या लेखनातून ओळखतात आणि आपुलकीनं दूर करतात, इतरांनी याचं अनुकरण करावं. हेडमास्तरांनी तो शेरा सगळ्या मास्तरांना वाचून दाखवला. मी खाली मान घालून उभी होते. त्यांना तो विनय वाटला.

तिची वही मी त्या दिवशी पिशवीत घालून घरी नेली. जेवण झाल्यावर आईला वाटलं मी काम करतेय. मी एकेक पान वाचत होते. ‘बोर्ड इज फार’ हे पहिल्यांदा कधी आलंय ते शोधलं. ते पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाचं होतं. मग मधूनमधून, शेळीच्या आणि आईच्या वाक्यांमध्ये दडवल्यासारखं. एका पानावर पाचपैकी एक वाक्य होतं, ‘आय ॲम नॉट हॉर्स.’ त्याच्याही खाली मी ‘गुड’ लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या ओळीत बसवलं. मधल्या सुटीत ओट्यावर बोलावलं. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण ते आलं नाही. मी विचारलं, “तू होय का म्हणालीस काल?”

ती जमिनीकडं बघत म्हणाली, “तुमी बसवणारच होता की, बाई.”

“तुला असं का वाटलं?”

“रोज गुड लिवायच्या तुमी. मला वाटलं, बाईनं वाचलंय. बाई कायतरी करायल्यात. आता वाट बघावं.”

“मग मराठीत का नाही सांगितलंस मला?”

तिनं माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. “तासाला मराठी बोलायचं न्हाई म्हणल्या होत्या की.”

“तासाबाहेर सांगायचं.”

“तासाबाहेर तुमी लय घाईत असता.”

मी तिची माफी मागितली नाही. त्या काळी बाईनं पोरीची माफी मागायची पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. पोरांना मात्र सांगितलं की ‘घोडाघर’ कोणी म्हणालं तर छडी मिळेल. म्हणजे माझ्या गुन्ह्याची छडी पोरांना.

पहिल्या ओळीतूनही तिला नीट दिसत नव्हतं. उठून फळ्याजवळ गेली की दिसायचं. मग एके दिवशी मी तिच्या घरी गेले. बौद्धवाड्यात मी तोवर पाय ठेवला नव्हता. घर लहान, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तिची आई कापूस वेचून नुकतीच आली होती. तिनं घाईघाईनं पोतं झटकून अंथरलं.

“लहानपणापासून असंच हाय बाई,” आई म्हणाली. “सुईत दोरा ओवायचा म्हणलं की एका दमात ओवती. पर लांबून मामा आला तर वळकत न्हाई. आमाला वाटलं, लाजायली.”

तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी म्हणाले, “नको, आज माझा उपास आहे.” मंगळवार होता, पण मी उपास करत नव्हते. आणि उपासाला चहा चालतो हे त्या बाईला माहीत नसेल असं नाही. तिनं नुसतं “बरं” म्हणून भांडं खाली उतरवलं. मुलगी दारात उभी होती.

वडील पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. निरोप मिळाल्यावर त्यांनी रजा काढली आणि तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मीही तिथं गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नंबर बराच आहे, फार आधी यायला हवं होतं. वडील माझ्याकडं वळून हात जोडून म्हणाले, “बाई, तुमी कळवलं म्हणून कळलं. न्हाईतर आमाला काय ठावं? तुमचे उपकार लय झाले.”

मी म्हणाले, “अहो, उपकार कसले.” ही एवढीच गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात मी खरी बोलले, आणि तीही त्यांना नम्रपणा वाटली.

दोन आठवड्यांनी चष्मा मिळाला. त्या दिवशीही मी सोबत होते. काळ्या जाड फ्रेमचा, तिच्या तोंडाला मोठा. दुकानातून बाहेर आल्यावर ती रस्त्यातच उभी राहिली. समोरच्या कापडदुकानाची पाटी वाचली, मग औषधाच्या दुकानाची, मग एका बसच्या कपाळावरचं गावाचं नाव. इंग्रजी पाट्या तर ती अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचत होती. वडील हसत होते.

“बाई, हे सगळं इथंच होतं?” तिनं विचारलं.

“इथंच होतं,” मी म्हणाले.

सातवीला ती वर्गात दुसरी आली. फळ्यावरचं तिचं एक अक्षर चुकलं नाही. पण तासाला ती कधी आपणहून हात वर करायची नाही. विचारलं तरच उत्तर द्यायची, तेवढंच. पाच वाक्यांच्या वहीत उन्हाळ्यापर्यंत शेळी, आई, गाव, भाऊ आणि पाऊस एवढेच विषय होते. मी आता प्रत्येक ओळ वाचत होते. वाचण्यासारखं तिनं पुन्हा काही लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली परभणीला झाली. बदली मागायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, “तुमच्याबद्दल शेरा फार चांगला आहे.” मी गप्प बसले. बदली मंजूर झाली.

तीनेक वर्षांनी तिचं आंतरदेशीय पत्र आलं. मराठीत. झरीच्या शाळेतून ती मॅट्रिक पास झाली होती, वडिलांनी नर्सिंगला घालायचं ठरवलं होतं, तुमच्यामुळं शिकले, असं लिहिलं होतं. खाली ‘आपली विद्यार्थिनी’. मी उत्तर लिहायला तीनदा बसले. पहिल्यांदा ‘अभिनंदन’ लिहून थांबले. दुसऱ्यांदा सगळं खरं लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा कागदच कोरा राहिला. तिला माझ्याकडून काहीच उत्तर गेलं नाही. कदाचित तिनं पुन्हा वाट बघितली असेल.

यापुढचं सांगायला सर्वांत जड जातं. ही गोष्ट मी पुढं नोकरीभर सांगितली. नव्या शिक्षकांच्या शिबिरात मला बोलवायचे, आणि पोरांच्या वह्या का वाचाव्यात हे सांगताना मी तीच सांगायची. मुलगी, शेळी, बोर्ड इज फार, चष्मा, बाजारातल्या पाट्या. शिक्षकांचे डोळे भरून यायचे. साहेबांची तपासणी त्यात नसायची. ‘घोडाघर’ नसायचं. उपास नसायचा. दरवेळी सांगताना ती गोष्ट आणखी गुळगुळीत व्हायची.

एका शिबिरात बोलणं संपल्यावर एक तरुण शिक्षिका माझ्याजवळ आली. अशाच कुठल्या फाट्यावर उतरून चालत जाणारी असावी, चपला धुळीनं भरलेल्या. हातात वही आणि पेन. तिनं विचारलं, “बाई, तिनं पहिल्यांदा लिहिल्यावर तुमच्या किती दिवसांत लक्षात आलं?”

मी म्हणाले, “त्याच दिवशी.”

तिनं ते लिहून घेतलं. माझ्यासमोर, सावकाश. मी तिला थांबवू शकले असते.