रेखाच्या गेममधलं न उघडणारं दार

आधीच सांगतो, मी मोजमापावर पोट भरणारा माणूस. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य गेलं. गेजमध्ये बसला तर पार्ट पास, नाही बसला तर रिजेक्ट... मधलं काही नसतं. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आजोबांनी घरातला देव्हारा उचलला, तेव्हापासून भूतखेतंही त्याच्याबरोबरच गेली. त्यामुळे खालचं वाचून 'काका, तुम्हीसुद्धा?' असं कुणाला वाटलं, तर मलाही तसंच वाटतं.

गोष्ट २००६ च्या सुमाराची. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी, बायको सुनंदा, आणि तेव्हा सुनंदाची धाकटी बहीण रेखा. रेखा बदलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. हृदयाची एक झडप नीट काम करत नव्हती. ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत डॉक्टरांनी दगदग बंद केली, म्हणून लांब रजा काढून ती आमच्याकडे आली. दिवसभर पडून काय करणार? मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. दुकानदार सिंधी. म्हणाला, "साईं, ये भी रख लो, कोई लेता नहीं," आणि वर एका गेमच्या सीड्या दिल्या. तलवारी, जादूगार, गुहा असला गेम. तेव्हाही जुनाच झालेला.

त्या गेमची खुबी अशी, की त्याच्यासोबत आपली स्वतःची मोहीम, म्हणजे कॅम्पेन, बनवायचं साधन यायचं. जमीन आखायची, घरं ठेवायची, माणसं उभी करायची, त्यांच्या तोंडी बोलणं घालायचं. भूगोलाच्या बाईला आणखी काय हवं?

मला तिनंच शिकवलं. नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी तिचे नियम आजही पाळण्यासारखे आहेत. आधी मूळ मोहीम जशीच्या तशी पूर्ण करायची, त्यात काही घालायचं नाही. मग पॅच, म्हणजे कंपनीनं मागाहून दिलेल्या दुरुस्त्या. मग मॉड, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेली जास्तीची भर, तेही एका वेळी एकच. एक टाकायचा, चालवून बघायचा, मगच दुसरा. आणि मोहीम अर्धी झाल्यावर मॉड काढायचा नाही, नाहीतर जुने सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडत नाहीत. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या शॉपफ्लोअरसारखंच झालं. एका वेळी एकच बदल." ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला शिकवतेय, भावजी. ताईला शिकवलं असतं तर तिनं एकदम दहा टाकले असते."

सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "ऐकू येतं हं मला! आणि तुम्ही हो, केस पांढरे झाले, आणि राक्षस कसले मारताय?"

रेखानं स्वतःची मोहीम करायला घेतली. आतलं गाव बारवी धरणाकडच्या एका पाड्यासारखं होतं, जिथं दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या. भाताची खाचरं, मागं जंगल, चढण. एवढ्या जुन्या गेममध्ये खाचरं नसतात. तिनं पाण्याचे चौकोन आणि दगडी कुंपण जुळवून ती केली. मी थक्क व्हायचो. दम लागला की आडवी व्हायची, आणि उठली की पुन्हा एक बांध टाकायची. एकच गोष्ट तिला कायम खुपायची. त्या गेममध्ये देवनागरी अक्षरं उमटत नसत, म्हणून माणसांचं मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं.

पाच भाग झाले. सहावा, शेवटचा, राहिला. चढणीच्या वरच्या टोकाला तिनं एक दार ठेवलं होतं, पण त्याच्यामागं काही नव्हतं. "शेवट काय करायचा तेच सुचत नाही. नायिका दाराशी पोचते... पुढं?" असं म्हणायची. तेवढ्यात ऑपरेशनची तारीख आली.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी तिनं ते सगळं एका सीडीवर माझ्याकडून घालून घेतलं. एकदा लिहिली की बदलत नाही, त्यातली ही सीडी. "मी आत असताना तुम्ही हे खेळून तपासा. नाहीतर बाहेर बाकावर बसून नुसते घड्याळ बघाल. दारापर्यंत जा आणि थांबा. ते उघडत नाही."

"आणि शेवट?"

"परत आले तर करेन," ती हसत म्हणाली. 'तर' वर तिनं जोर दिला नव्हता, पण मला तेवढंच ऐकू आलं.

ऑपरेशनच्या दिवशी सुनंदा हॉस्पिटलमध्ये थांबली. मी संध्याकाळी डबा आणि कपडे घेऊन जाणार होतो. शब्द दिला होता, म्हणून दुपारी कॉम्प्युटर लावला. पाचही भाग खेळलो, अडखळलो तिथं खुणा केल्या. शेवटी चढण चढून दाराशी आलो.

आता आमच्या खात्याची सवय अशी, की पार्टवर 'ओके' चा शिक्का असला तरी गेज लावूनच बघायचा. उघडत नाही म्हणाली तरी मी दारावर क्लिक केलं.

दार उघडलं.

आत अंगण होतं. एक झोपडं, शेणानं सारवलेलं. ओसरीवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, शेजारी तांब्या. मला वाटलं, बघा, गुपचूप करून ठेवलं आणि मला चकवलं! खरं सांगतो, भीती वाटली नाही, कौतुकच वाटलं. म्हातारीवर क्लिक केलं. खाली ओळ आली,

"परत आलीस ना? मंग बस जरा. पानी पी. मंगच जा."

हे माझ्या सासूबाईंचं बोलणं. घराबाहेर पडलेलं माणूस काही विसरून परत आलं, तर त्या त्याला तसंच आल्या पावली जाऊ द्यायच्या नाहीत. बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. माझी कितीदा गाडी चुकली त्यापायी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. उत्तराला एकच पर्याय होता, पाणी पिण्याचा. मी तो दाबला, सवयीनं सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि डबा भरायला उठलो.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर सुनंदा भेटली. चेहरा उतरलेला. "झालं ऑपरेशन. पण मशीनवरून काढताना हृदय लवकर सुरूच होईना, असं डॉक्टर म्हणाले. आता ठीक आहे." घशातली नळी निघाल्यावर रेखाचं पहिलं बोलणं सुनंदानंच ऐकलं. "आईनं पाणी दिलं. बस म्हणाली." सुनंदाला वाटलं, तहान लागली असेल.

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं तपासलं. सीडीवर पाचच भाग. बनवायच्या साधनात उघडून पाहिलं, दाराला पुढं काही जोडलेलंच नाही. एखाद्या मॉडनं घुसवलं असेल म्हणून एकेक मॉड काढून पाहिला. दार उघडेना. डुलकी लागली असेल म्हणावं, तर तो सेव्ह आहे. उघडायला गेलं की गेम सांगतो, हा भाग सापडत नाही. सेव्हशेजारी नखाएवढं चित्र दिसतं. तपकिरी, आणि मधे हिरवा ठिपका. सेव्हवर वेळही असते. ती मी पाहिली. हृदय किती वाजता सुरू झालं, ते मात्र डॉक्टरांना विचारलं नाही. आकड्यांवर जगलेल्या माणसाला तेवढा एक आकडा नको होता.

रेखा बरी झाली. बसता येऊ लागल्यावर तिनं सहावा भाग करायला घेतला. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. मागं उभा राहून बघत होतो. अंगण, झोपडं, हिरवं लुगडं. गेममध्ये तांब्या नसतो, म्हणून तिनं एक सुरई ठेवली आणि म्हणाली, "तांब्या हवा होता." मग तिनं म्हातारीची ओळ लिहिली. तीच. इंग्रजी अक्षरांत.

"मराठी अक्षरं उमटली असती तर किती बरं झालं असतं, नाही का भावजी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी वाचलेली ओळ मराठी अक्षरांत होती. वाचताना खटकलंसुद्धा नव्हतं. आपली भाषा, आपली अक्षरं, त्यात खटकणार काय?

मग मी तिला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "तुम्ही प्यायलात ना पाणी? बरं केलंत."

तिनं ती मोहीम इंटरनेटवर टाकली. परदेशातल्या लोकांनीही खेळली, खाचरांचं कौतुक केलं. एकानं विचारलं, शेवटी पाणी प्यायल्याशिवाय नायिकेला परत का जाता येत नाही? त्यातून ना ताकद वाढते, ना गुण मिळतात. ही चूक आहे का?

रेखानं उत्तर लिहिलं, "चूक नाही. आमच्याकडचा नियम आहे."

माझी सीडी अजून कपाटात आहे. मधूनमधून लावतो, चढण चढतो, दारावर क्लिक करतो. उघडत नाही. कारण मला आजही सांगता येत नाही. पण ऑपरेशननंतर आमच्याकडेच राहिलेली रेखा शाळेला निघून छत्री विसरली म्हणून परत आली, की आता मीच तांब्या पुढं करतो.