सोनीच्या भुवईवरचं मलम

मी मांजरीच्या भुवईला मलम लावलं आणि त्यामुळे माझ्या बायकोने शेजारणीशी बोलणं सोडलं. या दोन गोष्टींच्या मध्ये एक थाप होती, आणि ती माझी होती. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता मी ऐंशी ओलांडली आहे, आणि मालतीला, म्हणजे बायकोला, जाऊन सहा वर्षं झाली. कबुली द्यायला मी जरा उशीरच केला.

मल्लेश्वरममध्ये आम्ही वर राहायचो, खाली माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे मालती आणि पलीकडे सरोजक्का. मालती कन्नड बोलायची ते मराठीच्या चालीवर, सरोजक्का मराठी बोलायच्या ते कन्नडच्या चालीवर. वीस वर्षं रोज सकाळी ते बोलणं खिडकीतून वर यायचं आणि मला पेपर वाचू द्यायचं नाही. (आज पेपर संपूर्ण वाचून होतो. जाहिरातींसकट.)

सोनी ही मांजर मालतीची. मी फक्त त्या दोघींच्या घरात राहत होतो. भाचीच्या लग्नाला बेळगावला जाताना मालतीने बजावलं, "अहो, सोनीला काही झालं तर सरोजक्कांना हाक मारा. स्वतःचं डोकं चालवू नका!"

तिसऱ्याच दिवशी सोनी कुठल्याशा बोक्याशी भांडून डाव्या डोळ्यावर ओरखडा घेऊन आली. मी लगेच डोकं चालवलं.

आमच्या घरात औषध एकच, पिवळ्या ट्यूबमधलं अँटिबायोटिक मलम. गुडघा फुटो, बोट कापो, चप्पल चावो, ट्यूब हजर. ती संपली की मी ब्लेडने उभी चिरून आतलं उरलंसुरलं काढायचो. त्या दिवशी तसंच काढलेलं मलम मी सोनीच्या भुवईवर थापलं. सोनीने पंजाने भुवई पुसली आणि पंजा चाटला. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा चाटलं. चार वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी जखमेला मलम लावत नसून मांजरीला मलम वाढतो आहे!

मग मला दुसरी युक्ती सुचली. (एका दिवसात दोन सुचू नयेत.) मालतीने ट्रंकेत आमच्या मुलीची लहानपणची जरीची कुंची जपून ठेवली होती. भुवईला पंजा लागू नये म्हणून ती मी सोनीच्या डोक्यावर चढवली आणि हनुवटीखाली नाडी बांधली. बारशाला निघाल्यासारखी दिसत होती! एक क्षण तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. दुसऱ्या क्षणी ती जिन्यावरून खाली.

खाली चारची बॅच चालू होती. बारा मशीनं, बारा मुली. सोनी पहिल्या मशीनवर, तिथून तिसऱ्यावर, तिथून थेट एका मुलीच्या मांडीवर.

"सर, बेक्कू! बेक्कू!"

"सर, याने टोपी घातलीये!"

मांजर म्हणजे बेक्कू हे मलाही ठाऊक होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. सोनीच्या तोंडातून फेस गळत होता. कुंची काढली तर डोळा दिसेना, अर्धा चेहरा सुजलेला. ती दोनदा ओकली आणि माझ्या पायावर आडवी झाली. धाप लागलेली. मालतीला काय तोंड दाखवू?

आरडाओरडा ऐकून सरोजक्का भिंत ओलांडून आल्या. (नऊवार नव्हे, पण साडीच होती.) "अय्यो अण्णा! काय घातलं तिला?"

"काही नाही हो... थोडं मलम."

"माणसाचं? मांजराला?" त्यांनीच ऑटो थांबवली, सोनीला पदरात घेतलं आणि जनावरांच्या दवाखान्यापर्यंत तिला धरून बसल्या.

डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग चिरलेली ट्यूब हातात घेतली.

"हे का लावलं?"

"जखमेलाच लावलं, डॉक्टर. फक्त बाहेरून लावण्यासाठी, असं लिहिलंय त्यावर."

"मांजराला वाचता येतं का? ते लावलेलं सगळं चाटतं. आणि यातलं औषध एखाद्या मांजराला असं उलटतं, की जीवही जातो. पुन्हा जखम झाली तर मिठाच्या कोमट पाण्याने पुसा आणि इकडे आणा. ट्यूब तुम्हाला लावा."

सोनी वाचली. पण मालती परतली तेव्हा सूज पुरती उतरली नव्हती. "अहो, काय झालं हिला?" असं तिने विचारलं मात्र, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सरोजक्कांनी काहीतरी खायला घातलं वाटतं."

ज्या बाईच्या पदरात ती मांजर जगली, तिचं नाव!

दुसऱ्या सकाळपासून खिडकीतून आवाज आला नाही. मालती अंगणात जायची ती खाली मान घालून. सरोजक्का पलीकडे वाळवण घालायच्या, तेही पाठ करून. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज चहा गार व्हायचा. पुढे सोनी म्हातारी होऊन गेली, मशीनं भंगारात गेली, सरोजक्का महादेवपुऱ्याला मुलाच्या फ्लॅटवर गेल्या. मग मालती गेली, आणि जिला सांगायचं तीच उरली नाही.

गेल्या रविवारी मी महादेवपुऱ्याला जाऊन सरोजक्कांपुढे सगळं ओकलो. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अय्यो अण्णा, मालती परत आली त्याच दुपारी तिने मला विचारलं! मी सगळं सांगितलं."

"मग तो अबोला?"

"तुम्ही वर असलात की अबोला. खाली क्लास घ्यायला गेलात की आम्ही भिंतीपाशी. बारा मशीनं खडखडतात, तुम्हाला काय ऐकू येणार?"

"पण कशाला?"

"मालती म्हणायची, स्वल्प थांबू या, आपणहून सांगतील." सरोजक्कांचं हसू ओसरलं. "तिच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात भेटले, तेव्हाही म्हणाली, अजून सांगितलं नाही बघा यांनी. मी म्हटलं, मग तूच विचार. तर म्हणते, नको, त्यांना स्वतःला सांगू दे. त्यांना बरं वाटेल."

परत येताना बसमध्ये मी पहिल्यांदा मालतीला सगळं सांगितलं. मनातल्या मनात, ट्यूबपासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही, याचंच वाईट वाटलं.

इतकी वर्षं मी हे ओझं वाहत होतो, की माझ्या थापेने मालतीला फसवलं. वस्तुस्थिती अशी, की ती थाप खपली यावर विश्वास ठेवणारा आमच्या घरात एकच प्राणी होता, आणि तो मांजर नव्हता!