टिकटिक्याचे चार

माझ्या भाच्याला आम्ही घरात टिकटिक्या म्हणतो. रस्ते खात्यात नोकरीला आहे, काम काय तर पायी जाणारी माणसं मोजायची. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि मुठीत मावणारं एक यंत्र. माणूस रस्ता ओलांडून गेला की अंगठ्यानं दाबायचं, टिक. अठरा वर्षं झाली. आता जेवताना मी दुसऱ्यांदा भात घेतला तरी त्याचा अंगठा हलतो. मी म्हणते, "अरे मेल्या, तुझ्या घरात चार घास तरी बेहिशेबी खाऊ दे." हसत नाही. आईवर गेलाय.

आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताईची मूत्रपिंडं थकली, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागतं. आता दवाखाना किती लांब म्हणाल? मी ओट्याशी भांडी घासते ना, तिथून दवाखान्यातल्या वॉचमनची जांभई दिसते. मधे फक्त एक रस्ता. आठ पदरी, मधे कंबरेएवढा कठडा, आणि त्यात एकच फट. गाडीनं जायचं तर उड्डाणपुलाखालून वळून सव्वाचार किलोमीटर. आमच्याकडे गाडी नाही. या गावात गाडी नसणं म्हणजे पायच नसणं. भाड्याची बोलवावी तर ड्रायव्हर पत्ता बघून म्हणतो, "समोरच तर आहे आजी, चालत जा की," आणि फोन बंद.

मागच्या महिन्यात अशा दोन खेपा बुडाल्या. ताईचे पाय इतके सुजले की चप्पल शिरेना. चार शब्द बोलली की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, आणखी एक खेप बुडाली तर माझ्याकडे आणू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. म्हणजे आणखी लांब.

गल्लीनं अर्ज केला होता, इथं माणसांसाठी सिग्नल द्या. खात्याचा नियम असा की तासाला शंभर माणसं रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल. आणि मोजायला पाठवलं कोणाला? आमच्याच टिकटिक्याला. मी तर मनातल्या मनात उडीच मारली. म्हटलं, "आता दाब बाबा अंगठा, दुखला तर मी तेल चोळीन."

तासाभरात ओलांडले सात. एकशे चार जण काठापर्यंत आले, उभे राहिले, गाड्या बघितल्या आणि परत फिरले. त्यात ताई दोनदा.

"माझे दोन धरलेस ना?" तिनं विचारलं.

"पलीकडे पोचलं तरच एक, आई. परत आलं की शून्य."

"मग मी शून्य का रे?"

तो चपला काढत बसला. कागदावर त्यानं सात लिहिले आणि सही केली.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. पायी वर्दळ नगण्य, सिग्नलची गरज नाही. उलट आमच्या बाजूचा फूटपाथ काढून गाड्यांना आणखी एक पदर. मी पदर खोचून साहेबांकडे गेले, टिकटिक्या मागं. साहेबांनी खुर्ची दिली, माणूस गोड.

"साहेब, जे घाबरून परत फिरले, त्यांचं काय?"

"बाई, परत फिरले म्हणजे त्यांचं अडलं नव्हतं."

"माझ्या बहिणीचं अडलंय."

"पण मोजणी बरोबर आहे ना?" त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "सही तुमच्याच भाच्याची."

टिकटिक्याचा चेहरा असा झाला की मी भांडण तिथंच सोडून उठले. आणि माझी जीभ म्हणजे काय चीज आहे हे गल्लीला विचारा. घरी येताना एवढंच म्हणाला, "मावशी, मी सगळेच दाबले असते तर?" मीच तर त्याला तेल चोळणार होते.

आज ताईची खेप. तीन गाड्या बोलावल्या, तिन्ही रद्द. साडेआठला त्यानं खात्याचं ते चमकणारं पिवळं जाकीट अंगात घातलं.

"हे कुठं?" मी विचारलं.

"आईला सोडून येतो."

"कशानं?"

"पायानं."

मी खिडकीला चिकटले. तो सरळ रस्त्यात उतरला, एक हात वर, दुसऱ्या हातात ताई. तिचं पाऊल म्हणजे वीतभर. हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक पांढरी गाडी त्याच्या गुडघ्याला टेकायची राहिली, तो हलला नाही. फटीत ताई दम खायला थांबली, तेव्हा माझाही दम तिथंच थांबला. मग पुढचे चार पदर. पलीकडच्या फूटपाथवर चढल्यावर मला त्याची मूठ दिसली. अंगठा हलला. दोनदा.

चार तास होतात यंत्रावर, आणि उतरल्यावर ताईला धड उभं राहवत नाही. साडेबारा वाजून गेलेत. वॉचमननं दार उघडून धरलंय, पिवळं जाकीट बाहेर आलंय, त्याच्या खांद्यावर ताईची मान. आजचे दोन झालेत. दोन यायचेत.