बबनचं लायसन

चार माणसं, चार सायकली आणि दोन वायरलेस सेट. एवढ्याशा सामानावर जन्मभर पुरतील इतके किस्से जमतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मला खोटं वाटलं असतं. आता कुठंही चहाला बसलं की कुणीतरी म्हणतं, "तो वकिलाचा सांगा." तो सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतोच.

सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं. आमच्यातले नाना नगरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. वय पन्नाशीचं, अंगकाठी सायकलच्या पंपाएवढी, हट्ट मात्र दांडगा. मिलिटरीचं भंगार विकत घेऊन त्यांनी दोन सेट जुळवले होते. प्रत्येक सेटसोबत मोटारसायकलची बॅटरी आणि एरियलसाठी कॅरिअरला उभा बांधलेला बांबू. रविवारी डोंगराकडे सायकली काढायच्या. दोघं पुढे, दोघं मागे, आणि मधे टेकडी आली तरी एकमेकांना आवाज पोचला पाहिजे, हा नानांचा ध्यास.

हौशी वायरलेसचं सरकारी लायसन होतं फक्त दोघांकडे. एक नाना आणि दुसरा मी, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला असिस्टंट. त्यामुळे माइकवर बोलायचं ते आम्ही दोघांनीच, हा नानांचा पहिला कायदा. दुसरा कायदा, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचंच. जो विसरेल त्याच्याकडे सगळ्यांचा चहा.

उरलेले दोघं म्हणजे इनामदार वकील आणि बबन. बबन गावाबाहेरचा शेतकरी, सायकलवर दुधाचे कॅन घालून रोज शहरात यायचा. मांड्या अशा की दोन्हींतला जड सेट, त्याची बॅटरी आणि बांबू सगळं त्याच्याच कॅरिअरवर. आणि बोलका इतका की दूध मोजून होईस्तोवर गिऱ्हाइकाला गावातल्या तीन लग्नांची बातमी मिळायची. नेमकी त्यालाच माइकवर बंदी!

"नाना, येकदाच बोलू द्या की," तो दर रविवारी म्हणायचा.

"लायसन काढ," नाना म्हणायचे.

"काढतोच," बबन म्हणायचा.

* * *

एकदा डोंगरगणच्या वाटेवर वकील आणि बबनची जुंपली. वकील माझ्याबरोबर पुढे होते, बबन नानांबरोबर मागे. भांडण पंपाचं. पंक्चर वकिलांचं आणि पंप बबनच्या सायकलला.

मग सुरू झालं. वकील मला सांगणार, मी नानांना, नाना बबनला आणि तसंच उलट.

"इनामदार विचारतायत, पंप घेऊन येतोस की नाही. ओव्हर."

"बबन म्हणतो, मागच्या वेळी वॉशर त्यांनीच हरवला. ओव्हर."

पाच-सहा फेऱ्या झाल्यावर सेटमधून नानांचा गंभीर आवाज आला, "आता बबन जे म्हणाला ते मला नियमानुसार हवेत सोडता येत नाही. ओव्हर."

वकील टायर हातात घेऊन म्हणाले, "मला कळलं."

* * *

घोडेगावला बाजाराच्या दिवशी गेलो होतो. तिथे जनावरांचा भाव रुमालाखाली होतो. दोघांनी रुमालाआड एकमेकांची बोटं धरायची आणि आकडा ठरवायचा, तिसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

नाना बैलांच्या गर्दीत उभे राहून, आवाज पाचपैकी किती स्पष्ट येतो ते सेटवरून माझ्याशी ताडून पाहत होते. "तुमचा आवाज पाच, माझा तीन येतोय का? ओव्हर." माझं ऐकून मग, "बरं, चार धरू. ओव्हर."

शेजारचा एक म्हातारा व्यापारी हे ऐकून कासावीस झाला. शेवटी त्याला राहवेना. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं नानांच्या माइकवर आणि हातावर नीट पांघरला.

"पाव्हनं," तो हळूच म्हणाला, "भाव असा उघड्यावर करत्यात व्हय?"

* * *

एकाहत्तरची लढाई होऊन थोडेच दिवस झाले होते. एका गावात हवालदारानं अडवलं. बांबू, वायरी, बॅटऱ्या. त्याचंही काही चुकलं नाही.

वकील पुढे झाले. कलमं सांगितली, हक्क सांगितले, आवाज चढवला. परिणाम असा की आम्हा चौघांना चौकीत नेऊन बसवलं. दुपार टळून गेली.

नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "बबन, आता तू बोल. इथं लायसन लागत नाही."

बबननं हवालदाराला गाव विचारलं, मग घरी दुभतं काय आहे ते विचारलं. म्हैस आटली होती. पेंड कुठली घालता इथपासून विषय निघाला. आम्ही निघालो तेव्हा हवालदार बबनची सायकल धरून उभा होता आणि आमच्याकडे बोट दाखवून त्याला विचारत होता, "ही मानसं तुमच्याकडं कामाला हायेत का?"

* * *

लायसनच्या परीक्षेला बबन दोनदा नापास झाला. मोर्स कोडची टकटक लागेल त्या वेगानं जमेना. तो गडी मात्र हटला नाही. नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलं आणि टकटकीचा सराव दुधाच्या कॅनवर सुरू केला. नंतर कॅन, ताट, गोठ्याची फळी, काही सुटेना.

एकदा त्याची बायको दुकानात येऊन नानांना म्हणाली, "जेवताना बी ताट वाजिवत्यात. सासूबाई म्हनत्यात, अंगात येतंय. तुमी कायतरी करा."

नाना म्हणाले, "वेग किती आहे?"

* * *

एका हिवाळ्यात सायकली एसटीच्या टपावर टाकून आम्ही नगर जिल्ह्यातल्या अकोले गावी गेलो आणि तिथून सायकलनं भंडारदऱ्याला. परतताना वकील आणि मी पुढे, नाना आणि बबन मागे. राजूर दिसायला लागलं तेव्हा सेट खरखरला.

नानांनी आधी आपला कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं सांकेतिक नाव, दिला. मग अडखळत म्हणाले, "मी पडलोय. डोकं दगडावर आपटलंय. उजवा हात हलत नाही. ओव्हर."

वकील जीप शोधायला राजूरकडे सुटले. मी माइकवर ओरडलो, "बबनला बोलायला सांगा! तुम्ही गप्प पडून राहा! ओव्हर."

सेटमधून, नानांच्या शेजारून बबनचा आवाज ऐकू आला. "नाना, त्यास्नी सांगा, बबनकडं लायसन न्हाई."

मी त्याला शिव्या घातल्या. त्याच्यावर काही परिणाम नाही. तो बटण दाबून माइक नानांच्या तोंडाशी धरत होता आणि एकेक गोष्ट त्यांच्याकडून वदवून घेत होता. कुठलं वळण. शेजारी कुठलं झाड. ते संपल्यावर दुकानात दुरुस्तीला कुणाकुणाचे रेडिओ आहेत. नानांचा आवाज बुडायला लागला की बबन म्हणायचा, "ओव्हर म्हना नाना. ऱ्हायलं तर चहा तुमच्याकडं." आणि नाना म्हणायचे, "ओव्हर."

वकिलांनी आणलेली जीप त्या वळणावर पोचली. डॉक्टरांनी डोक्याला टाके घातले, हात प्लास्टरमध्ये गेला. नाना वाचले. दवाखान्याच्या ओट्यावर वकिलांनी बबनला झाडून काढलं. "माणूस मरायला टेकलेला आणि तू कायदा पाळत बसलास?"

बबन बोलला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

* * *

तिसऱ्या खेपेला बबन पास झाला. लायसन आलं त्या रविवारी आम्ही इमामपूरच्या घाटात गेलो. वकील आणि बबन घाटाखाली, नाना आणि मी वर. नानांचा हात अजून पुरता वळत नव्हता, पण माइक त्यांनी त्याच हातात धरला होता.

बबननं स्वतःचा कॉलसाइन दिला. स्पष्ट, एकही चूक नाही. मला फार आनंद झाला. आता हा तासभर थांबत नाही, या तयारीनं मी दगडावर बसलो.

नानांनी त्याला बोलू दिलं नाही. म्हणाले, "आधी एक सांग. संकटात लायसन नसलेल्यानंही बोलावं, असं पुस्तकात आहे. हे तुला माहीत होतं का? ओव्हर."

"दोनदा नापास झालोय नाना. पुस्तक पाठ हाय. ओव्हर."

"मग राजूरच्या वाटेवर का नाही बोललास? ओव्हर."

बबन म्हणाला, "तुमचं डोळं मिटाया लागलं हुतं. मी बोललो असतो तर तुमी गप झाला असता. ओव्हर."

नानांनी बटण दाबलं. दाबून धरलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मी दुसरीकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं त्यांचा अंगठा सुटला, तसा खालून बबनचा आवाज आला.

"नाना, ओव्हर ऱ्हायलं. चहा तुमच्याकडं. ओव्हर."